‘देकानो’: तांबड्या नदीकाठचा एक जुना क्लब
#इतिहास #धागा

स्पेनमधील सर्वांत जुना फुटबॉल क्लब कोणता, असे विचारले तर बहुतेकांच्या ओठी माद्रिद किंवा बार्सिलोना हे नाव येते. बार्सिलोनाचा जन्म १८९९चा, रेआल माद्रिदचा १९०२चा. या दोघांच्याही आधी, १८८९च्या डिसेंबरात, स्पेनच्या नैर्ऋत्य टोकाला, पोर्तुगालच्या सीमेपासून फारशा दूर नसलेल्या उएल्व्हा या बंदरात एक क्लब स्थापन झाला. त्याचे आजचे नाव रेआल क्लुब रेक्रेआतिव्हो दे उएल्व्हा. स्पेनभर त्याला ‘एल देकानो’ म्हणतात. देकानो म्हणजे ज्येष्ठ, पहिल्या पाटाचा मानकरी.

हा मानकरी मात्र गेली काही वर्षे खालच्या पंगतीत बसला आहे. २०१५ साली तो दुसऱ्या श्रेणीतून घसरला आणि त्यानंतर तिसऱ्या, चौथ्या, एका हंगामात तर थेट पाचव्या श्रेणीत खेळला. २०१६च्या उन्हाळ्यात तो संपलाच होता. त्याला वाचवण्यासाठी शहराने जे केले ते फुटबॉलच्या इतिहासात विरळा आहे. पण त्या उन्हाळ्याकडे जाण्याआधी नदीकडे जावे लागते.

नदीचे नाव रिओ तिंतो. तिंतो हा शब्द स्पॅनिशमध्ये लाल मद्यासाठीही वापरतात, आणि नदीचे पाणी खरोखरच त्या रंगाचे आहे. उगमाजवळच्या खडकांतील लोह व गंधक पाण्यात उतरते आणि पाणी आम्ल व तांबडे होते. जिथे पाणी असे आहे तिथे जमिनीखाली काय आहे, हे माणसाला फार पूर्वी कळले होते. रोमनांनी येथून तांबे व चांदी काढली. त्यांनी टाकलेल्या धातुमळीचे ढिगारे पुढे शतकानुशतके पडून होते.

१८७३मध्ये स्पेनचे सरकार कर्जात बुडाले होते. राजाने गादी सोडली, प्रजासत्ताक जाहीर झाले आणि त्याच धामधुमीत रिओतिंतोच्या खाणी विकल्या गेल्या. किंमत सुमारे ३७ लाख पौंड. विकत घेणाऱ्या मंडळींत डॉइश बँकेचा पैसा होता, पण सूत्रे होती ह्यू मॅथेसन या लंडनस्थित स्कॉटिश व्यापाऱ्याकडे. तोच नव्या रिओ तिंतो कंपनीचा पहिला अध्यक्ष.

मॅथेसन हे आडनाव मुंबईच्या इतिहासाच्या वाचकांना अनोळखी वाटू नये. ह्यूचा काका जेम्स मॅथेसन म्हणजे जार्डिन मॅथेसन या पेढीचा एक संस्थापक. माळव्याची अफू मुंबईहून चीनला नेणारी ती पेढी, आणि मुंबईतील तिचे मोठे भागीदार म्हणजे सर जमशेटजी जीजीभाय. अफूच्या व्यापाराशी आपला संबंध नको म्हणून ह्यूने तारुण्यात चीनमधील नोकरी नाकारली होती, असे त्याचे चरित्र सांगते. पुढे मात्र त्याच घराण्याच्या लंडनमधील पेढीवर तो बसला आणि तिथूनच त्याने तांब्याकडे नजर वळवली. सद्सद्विवेकाचाही भूगोल असतो. चीनमधला धूर त्याला सोसला नाही. अंदालुसियातल्या धुराबाबत त्याच्या कंपनीची सहनशक्ती बरीच मोठी निघाली.

कंपनीने काम झपाट्याने केले. खाणीपासून उएल्व्हा बंदरापर्यंत सुमारे ८४ किलोमीटरचा लोहमार्ग दोन वर्षांत पुरा झाला. ओदिएल नदीच्या पात्रात, गाड्या थेट जहाजांवर रिकाम्या करता येतील असा लोखंडी धक्का उभा राहिला. खाणीजवळ कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी ‘बेया व्हिस्ता’ ही वसाहत बांधली गेली. उतरत्या छपरांची व्हिक्टोरियन घरे, स्कॉटिश पंथाचे चर्च, टेनिसचे मैदान, आणि भोवती भिंत. भिंतीच्या आत ब्रिटन, बाहेर स्पेन. वसाहतींचा इतिहास वाचणाऱ्यांना या रचनेचे वेगळे वर्णन करून सांगायला नको. फरक इतकाच की स्पेन ही कोणाची वसाहत नव्हती. तो स्वतः साम्राज्य बाळगून असलेला देश होता.

आता धुराविषयी. खनिजातील तांबे स्वस्तात मोकळे करण्यासाठी कंपनी ‘तेलेरा’ पद्धत वापरत असे. खनिजाचे प्रचंड ढीग रचून, खाली लाकडे घालून ते पेटवायचे आणि महिनोन्‌महिने धुमसत ठेवायचे. गंधकाचा धूर मोकळ्या आकाशात जाई. हवा पडली की तो खाली बसे आणि दऱ्याखोऱ्यांवर पसरे. त्याला लोक ‘मांता’ म्हणत, म्हणजे घोंगडी. घोंगडी आली की समोरचा माणूस दिसेनासा होई. पिके जळत, झाडे वठत, गुरे आजारी पडत. खाणीतले काम थांबे, आणि अशा दिवशी मजुराला अर्धाच रोज मिळे. धूर कंपनीचा, खाडा मजुराचा.

आजूबाजूच्या गावांतील शेतकऱ्यांनी व जमीनदारांनी धुराविरुद्ध संघटना उभी केली. खाणीत माक्सिमिलियानो तोर्नेत नावाचा क्यूबात जन्मलेला अराजकवादी कामगारांना संघटित करत होता. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारे हे दोन वर्ग धुराने एकत्र आणले. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी सालामेआ गावाकडून शेतकऱ्यांची मिरवणूक वाजतगाजत रिओतिंतोत आली. सोबत बायका होत्या, मुले होती. खाणमजूर त्यांना येऊन मिळाले आणि हजारोंचा जमाव नगरपालिकेसमोरच्या चौकात उभा राहिला. मागण्या साध्या होत्या. तेलेरा बंद करा. बारा तासांचा दिवस कमी करा. घोंगडीच्या दिवशीही पुरा रोज द्या. आणि वैद्यकीय सेवेच्या नावाखाली पगारातून कापला जाणारा एक पेसेटा कापू नका.

प्रांताचा गव्हर्नर पाव्हिया रेजिमेंटचे सैनिक घेऊन पोहोचला. बोलणी झाली, फिसकटली आणि सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. हुकूम नेमका कोणी दिला यावर आजही एकमत नाही. सरकारी आकडा १३ मृतांचा. स्थानिक स्मृती आणि नंतरचे अनेक अभ्यासक शंभर, दोनशे असे आकडे सांगतात. प्रेते रातोरात खाणीच्या मळीखाली गाडली गेली, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्या प्रदेशात १८८८ला ‘गोळ्यांचे वर्ष’ म्हणतात. पर्यावरणासाठी झालेल्या जगातील पहिल्या मोठ्या आंदोलनांपैकी एक म्हणून त्याचा उल्लेख आता होतो. त्या दिवशी चौकात उभे राहिलेल्यांना मात्र ‘पर्यावरण’ हा शब्द ठाऊक नव्हता, त्यांना खोकला ठाऊक होता. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने उघड्यावरच्या तेलेरांवर बंदी घातली. १८९०मध्ये ती मागे घेतली गेली आणि धूर पुन्हा सुरू झाला.

बंदी आणि तिची माघार यांच्या मधल्या काळात, गोळीबारानंतर बावीस महिन्यांनी, उएल्व्हा शहरात खेळाचा क्लब निघाला.

क्लबच्या उगमाची गोष्ट साधारणपणे अशी सांगितली जाते: इंग्रज आले, सोबत चेंडू आणला, स्पॅनिश मुलांनी कुतूहलाने पाहिले आणि खेळ रुजला. गोष्ट खोटी नाही. पण ती सांगणारे सहसा १८८९पासून सुरुवात करतात, एक पान मागे जात नाहीत. कंपनीचे इंग्रज आणि स्कॉट कर्मचारी आपापसांत क्रिकेट व फुटबॉल आधीपासूनच खेळत होते. डिसेंबर १८८९मध्ये त्यांनी शहरातील काही प्रतिष्ठित स्पॅनिश मंडळींसह रीतसर संस्था केली. नाव इंग्रजी होते: ‘उएल्व्हा रिक्रिएशन क्लब’. अध्यक्ष चार्ल्स अॅडम. स्थापनेचा अधिकृत दिवस २३ डिसेंबर मानतात. या साऱ्याच्या मागे प्रमुख हात होता विल्यम अलेक्झांडर मॅके या स्कॉटिश डॉक्टरांचा. ते कंपनीचे वैद्यकीय अधिकारी होते.

म्हणजे ज्या वैद्यकीय सेवेसाठी कापल्या जाणाऱ्या पेसेटाविरुद्ध मजूर चौकात उभे राहिले, तिच्याच एका डॉक्टरांनी हा क्लब उभा केला. यावरून मॅके यांना गोळीबाराशी जोडण्याचे काहीही कारण नाही. शहराने त्यांची आठवण आपुलकीने जपली आहे. उएल्व्हातील एका रस्त्याला त्यांचे व त्यांच्या सहकारी डॉक्टरांचे नाव आहे. मोकळ्या हवेत खेळल्याने शरीर निकोप राहते, असे त्या पिढीच्या ब्रिटिश डॉक्टरांचे मत होते, आणि ते चुकीचे नव्हते. प्रश्न फक्त हवा कोणासाठी मोकळी होती, एवढाच.

क्लब निघाला पण खेळायचे कोणाशी? उत्तर लवकरच मिळाले. २५ जानेवारी १८९० रोजी, स्कॉट लोकांचा कवी रॉबर्ट बर्न्स याच्या जयंतीच्या रात्री, सेव्हिया शहरातील ब्रिटिशांनी व त्यांच्या स्पॅनिश मित्रांनी आपला फुटबॉल क्लब स्थापन केला. महिनाभरात त्यांच्या चिटणिसाचे उएल्व्हाला सामन्याचे निमंत्रण गेले. ८ मार्च १८९० रोजी सेव्हियाच्या ताब्लादा येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन्ही संघ भेटले. सेव्हियाने दोन गोल केले, उएल्व्हाने एकही नाही. स्पेनमध्ये दोन क्लबांमध्ये झालेला, लेखी नोंद असलेला हा पहिला सामना मानला जातो.

लेखी नोंद हा शब्द इथे महत्त्वाचा. त्या दिवशी धावलेल्या बावीस जणांची नावे त्या काळच्या वृत्तपत्रांत आली, म्हणून ती आज सांगता येतात. त्याच प्रांतात, दोनच वर्षांपूर्वी चौकात पडलेल्यांची संख्यासुद्धा निश्चित सांगता येत नाही.

जुनेपणाच्या मानावरूनही वाद आहेच. तारागोनाचा हिम्नास्तिक क्लब १८८६चा, पण तो व्यायामशाळा म्हणून निघाला. फुटबॉल तिथे १९१४मध्ये आला. सेव्हिया आपली स्थापना दीर्घकाळ १९०५ची मानत असे. मग स्कॉटलंडच्या डंडी शहरातील १८९०च्या एका वर्तमानपत्रात क्लबच्या स्थापनेची बातमी सापडली आणि क्लबचे वय पंधरा वर्षांनी वाढले. केवळ फुटबॉलसाठी निघालेला सर्वांत जुना क्लब आपणच, असा आता सेव्हियाचा दावा आहे, कारण उएल्व्हाचा क्लब ‘रिक्रिएशन’साठी, म्हणजे सर्वच खेळांसाठी होता. यावर उएल्व्हातील लोक काय म्हणतात, हे सांगायची गरज नाही. एका जुन्या कागदाने अख्ख्या संस्थेचे वय बदलते, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनात ठेवावी अशी गोष्ट आहे.

१८९२मध्ये कोलंबसाच्या पहिल्या सफरीला चारशे वर्षे झाली. तो ज्या पालोस बंदरातून निघाला ते उएल्व्हाच्या समोरच, तिंतोच्या मुखाशी आहे. त्या महोत्सवाच्या वर्षी शहरात सायकल शर्यतींसाठी ‘व्हेलोद्रोमो’ बांधले गेले आणि तेच क्लबचे मैदान झाले. पुढच्या प्रत्येक मैदानाच्या नावात कोलंबस राहिला: १९५७चे ‘कोलोंबिनो’, २००१चे ‘नुएव्हो कोलोंबिनो’.

क्लब स्पॅनिश कधी झाला, याची एकच तारीख देता येत नाही. नावातले ‘रिक्रिएशन’ ‘रेक्रेआतिव्हो’ झाले, संघात स्थानिक आडनावे वाढत गेली, आणि १९०६मध्ये राजचषकासाठी माद्रिद व बिल्बाओसह जे अवघे तीन संघ उतरले त्यांत उएल्व्हा एक होते. खाणीत तोवर काहीच शांत झाले नव्हते. १९२०चा संप इतका लांबला की उपासमारीमुळे मजुरांची मुले दूरच्या शहरांतील कुटुंबांकडे सांभाळायला पाठवावी लागली. १९५४मध्ये खाणी स्पॅनिश मालकीत आल्या, इंग्रज गेले. लोखंडी धक्क्यावरच्या गाड्या १९७५मध्ये थांबल्या. (याच इंग्रजी वसाहतीमुळे दुसऱ्या महायुद्धातील एका गाजलेल्या फसवणुकीत उएल्व्हाचे नाव येते. १९४३मध्ये खोटी कागदपत्रे बांधलेले एक प्रेत ब्रिटिश हेरखात्याने याच किनाऱ्यावर सोडले होते. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.) कंपनीने उएल्व्हात आणलेल्या गोष्टींपैकी फार थोड्या चालू राहिल्या. क्लब त्यांतला एक.

मैदानावरचे यश थोडे आहे आणि ते लवकर सांगून होते. पहिल्या श्रेणीत क्लब प्रथम पोहोचला १९७८मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर ८९ वर्षांनी, आणि एका हंगामातच खाली आला. दुसऱ्यांदा २००२मध्ये. तो हंगाम विचित्र होता. संघ श्रेणीतून घसरला आणि त्याच वर्षी राजचषकाच्या अंतिम सामन्यातही पोहोचला. २८ जून २००३ रोजी एल्चे शहरात मायोर्काने त्यांना तीन गोलांनी हरवले. त्यांतले दोन सॅम्युएल एटोचे.

तिसरी खेप २००६ची, आणि ती सर्वांत चांगली. त्या हंगामात संघ आठवा आला. २० डिसेंबर २००६ रोजी बेर्नाबेउ मैदानावर रेआल माद्रिदविरुद्ध सामना होता. उएल्व्हाहून चाहत्यांच्या बसगाड्या निघाल्या. त्यांतल्या एका बसला वाटेत अपघात झाला आणि चार जण दगावले. सामना तरीही झाला. रेक्रेआतिव्होने माद्रिदला त्यांच्याच घरी ३-० असे हरवले. क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय आणि सर्वांत मोठा शोक एकाच तारखेला आहेत, आणि उएल्व्हात तो गुणफलक आजही कोणी मोकळेपणाने मिरवत नाही.

आता २०१६. १९९०च्या क्रीडा कायद्याने स्पेनमधील व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपनीचे रूप घ्यायला लावले होते. माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ व ओसासुना या चौघांनाच सूट मिळाली. बाकीच्यांचे झाले असे की सभासदांचा क्लब भागधारकांचा झाला, आणि भाग ज्याच्या हाती त्याचा क्लब. उएल्व्हात बहुसंख्य भाग बराच काळ नगरपालिकेकडे होते. २०१२मध्ये तिनेच ते एका खासगी कंपनीला विकले. चार वर्षांत क्लब तिसऱ्या श्रेणीत, करखात्याची थकबाकी कोट्यवधींची आणि खेळाडूंचे पगार महिनोन्‌महिने थकलेले. पगार ठरलेल्या मुदतीत न चुकवल्यास संघाला आणखी खालच्या श्रेणीत टाकण्याचा नियम आहे. त्या वर्षी खालच्या श्रेणीची भीती नव्हती; क्लबच विसर्जित होण्याची होती.

शहरात मोर्चे निघाले. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घातलेली माणसे रस्त्यावर आली. त्यांत असे बरेच होते ज्यांचे आजोबा-पणजोबा खाणीत, लोहमार्गावर किंवा धक्क्यावर कंपनीच्या हजेरीपटावर होते. त्यांच्या पूर्वजांना कंपनीच्या कोणत्याच गोष्टीवर हक्क सांगता आला नव्हता. हे लोक मात्र कंपनीच्या डॉक्टरांनी काढलेल्या क्लबावर हक्क सांगत होते आणि तो आपलाच आहे याविषयी त्यांच्या मनात किंतु नव्हता.

नगरपालिकेने शोधलेला मार्ग कायद्याच्या विद्यार्थ्यांनीही पाहावा असा आहे. रस्त्यासाठी, कालव्यासाठी सरकार सार्वजनिक हिताच्या कारणाने जमीन सक्तीने संपादन करते, हे सर्वांना ठाऊक आहे. उएल्व्हाने तेच कलम क्लबच्या भागांना लावले. पण सार्वजनिक हित सिद्ध कसे करायचे? त्यासाठी क्लबला अंदालुसियाचा सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण देण्याची प्रक्रिया सुरू झाली. हे संरक्षण एरवी किल्ल्यांना, चर्चना, जुन्या चित्रांना मिळते. इथे जपायची वस्तू मैदान नव्हते, कारण मैदान २००१चे. संघ नव्हता, कारण खेळाडू दर वर्षी बदलतात. जपायचे होते ते १८८९पासून अखंड चालत आलेले एक नाव. या आधारावर नगरपालिकेने भाग ताब्यात घेतले आणि क्लब वाचला.

जो ‘देकानो’ हा किताब एरवी जुन्या मानपत्रासारखा भिंतीवर टांगलेला असे, तो अडचणीच्या वेळी कायदेशीर हत्यार म्हणून वापरता आला. माद्रिदमधील एखाद्या धनिकाच्या क्लबला हे करता आले नसते. १८८९चा कागद नसता तर उएल्व्हालाही करता आले नसते.

क्लब वाचला म्हणून चांगला खेळू लागला असे नाही. २०१९मध्ये गटात पहिला येऊनही वर जाण्याच्या सामन्यांत तो हरला. २०२१मध्ये स्पेनच्या महासंघाने खालच्या श्रेणींची नवी मांडणी केली, आणि त्या हंगामातील खराब कामगिरीमुळे क्लब एकदम दोन पायऱ्या खाली, पाचव्या श्रेणीत पडला. देशातला सर्वांत जुना क्लब, सुमारे एकवीस हजार आसनांचे मैदान, आणि समोर लहान लहान गावांचे संघ, ज्यांच्या मैदानाला कधी एकाच बाजूला पायऱ्या असतात. त्या गावांसाठी मात्र तो हंगाम पर्वणीचा होता. देकानो आपल्या दारी येणार म्हणून गाव लोटत असे. २०२२मध्ये क्लब एक पायरी चढला, २०२३मध्ये आणखी एक.

उएल्व्हातील लोखंडी धक्का आता दुरुस्त करून लोकांसाठी खुला केला आहे. संध्याकाळी माणसे त्यावरून टोकापर्यंत चालत जातात, काही जण गळ टाकून बसतात. तिथून नुएव्हो कोलोंबिनो फार लांब नाही. सामना असला की धक्क्यावरची गर्दी त्या दिवशी थोडी लवकर पांगते.